बेचक्या कोरड्या, टाचा मऊ

पत्र : मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली. आमची भातशेती आहे. जुलैत लावणी सुरू झाली की आठ-दहा दिवसांत दोन्ही पायांना चिखल्या होतात. करंगळीच्या बेचकीत कातडं पांढरं पडतं, सोलतं आणि रात्री नुसती आग होते. मेडिकलमधून ट्यूब आणते, दोन दिवस बरं वाटतं, आठवड्यात परत तेच. टाचांच्या भेगा तर बारमाही, गोधडीचा दोरा अडकतो. त्यात आमच्या मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, उजव्या तळव्याला कुरूप झालंय. त्यांना बारा वर्षं शुगर आहे. मेडिकलवाल्यानं कुरुपाची पट्टी दिली, ती परवा लावली. शेजारचे म्हणतात बिब्ब्याचा चटका द्या, मुळासकट जाईल. सासूबाईंची टाच सकाळी उठल्या उठल्या दुखते, तो आणखी वेगळाच प्रकार. सगळ्यांना चालेल असं एखादं मलम सांगाल का?

उत्तर :

ताई, नमस्कार.

मलमाचं नंतर बघू. आधी उठून मामांच्या तळव्याची ती पट्टी काढा. ओढून नको. कोमट पाण्यानं कडा भिजवा आणि सावकाश सोडवा. त्या पट्टीत सॅलिसिलिक ॲसिड असतं, बहुतेक वेळा 40 टक्के. ते कठीण कातडं मऊ करून उतरवतं, पण कुरूप कुठलं आणि भोवतालचं चांगलं कातडं कुठलं हे त्याला कळत नाही. पट्टी जरा सरकली की ते चांगल्या कातड्यालाही खातं. तुम्हाला-आम्हाला तिथं आग होईल आणि आपण पट्टी भिरकावून देऊ. बारा वर्षं शुगर असलेल्या माणसाच्या तळव्याची जाणीव बऱ्याचदा कमी झालेली असते. खाली जखम होते आणि त्यांना पत्ताही लागत नाही. अशा पट्टीच्या पाकिटावर मधुमेहींनी वापरू नये, अशी सूचना बारीक अक्षरात असते. ती वाचतो कोण?

पट्टी काढल्यावर पाय साध्या पाण्यानं धुवा, टिपून घ्या आणि मामांना दारात उजेडाला बसवून कुरूप नीट बघा. कातडं नुसतं पांढरं आणि भिजल्यासारखं दिसत असेल, कुठं फाटलेलं नसेल, तर कोरडं ठेवा आणि दोन-चार दिवसांत डॉक्टरांना दाखवा. पण कुरुपाच्या मधोमध काळसर किंवा तांबूस ठिपका दिसला, म्हणजे आत रक्त साकळलेलं असेल, किंवा ओल, पू, वास यातलं काहीही असेल, तर स्वच्छ गॉज ठेवून वर हलकी पट्टी बांधा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. जाड कातड्याखाली जखम झाकलेली असते आणि वरून ती बरीच लहान दिसते. डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, चहापूड यातलं काही भरू नका. पाय गरम पाण्यात बुडवून शेकायचाही नाही.

बिब्ब्याचं तर नावच नको. बिब्ब्याच्या तेलानं कातडीला फोड येतात आणि भाजल्यासारखी जखम होते. शुगर नसलेल्यांनाही त्यानं जखमा होतात, मग मामांची काय कथा. रुईचा चीकही त्याच माळेतला. तो काटा काढायला आणि कुरुपाला लावतात. कातडी सोलतेच, आणि चुकून डोळ्याला हात लागला तर डोळाही धोक्यात येतो.

आता मामांच्या पायाला जाणीव किती उरलीय ते घरीच बघा, पैशाचाही खर्च नाही. त्यांना झोपवा, डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीचं टोक त्यांच्या अंगठ्याच्या टोकाला अलगद टेकवा, सेकंद-दोन सेकंद, बस. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही. तसंच मधलं बोट आणि करंगळी. दोन्ही पाय मिळून सहा जागा होतात. ‘लागलं’ म्हणून त्यांनी आपणहून सांगायचं, आपण ‘लागलं का?’ असं विचारायचं नाही. विचारलं की माणूस हो म्हणतोच. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर पायाची जाणीव कमी झालीय असं धरा आणि डॉक्टरांना तसं सांगा. ते नायलॉनच्या तंतूनं पक्की तपासणी करतील, पायाच्या नाड्या बघतील आणि कुरुपाचं जाड कातडं पात्यानं पातळ थर-थर करून उतरवतील. ते काम डॉक्टरांच्या हातचं. न्हाव्याच्या वस्तऱ्याचं नाही, घरातल्या ब्लेडचं तर नाहीच. जिल्हा रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात अशा पायांची तपासणी होते. जाताना शुगरचे जुने रिपोर्ट, चालू गोळ्या आणि रोजचं पायताण सोबत न्या. पायताण कशाला, असं वाटेल. तळवा नेमका कुठं दाबला जातो हे त्याच्या झिजेवरून डॉक्टरांना कळतं.

कुरूप म्हणजे दाब, ताई. एकाच जागी रोज घासलं-दाबलं गेलं की कातडी स्वतःला वाचवायला जाड होते आणि मध्ये कठीण गाभा तयार होतो. शेजाऱ्यांना जे ‘मूळ’ वाटतं ते हेच. पण हे झाडासारखं मूळ नव्हे. कापलं, जाळलं तरी दाब तोच राहिला तर महिन्या-दोन महिन्यांत परत येतं. मामांचं पायताण बदलल्याशिवाय ते कुरूप जाणार नाही.

आपल्याकडं अथणी, निपाणीची चामडी चप्पल ही अभिमानाची गोष्ट. 2019 साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकातलेही चार जिल्हे आहेत. पण शुगरच्या पायाला ती चप्पल नको, हे स्पष्टच सांगतो. तळ कडक, अंगठ्याची पकड बोटाला घासणारी, आणि मागं पट्टा नसल्यानं बोटं आवळून चालावं लागतं. जाणीव नसलेल्या पायातून ती गळून पडते आणि माणूस तसाच दोन पावलं पुढं जातो. त्यांना एमसीआर म्हणजे मऊ, बारीक छिद्रांच्या रबराचा आतला तळवा असलेली चप्पल घ्या. खालचा सोल टणक हवा म्हणजे काटा घुसणार नाही, मागं पट्टा हवा, अंगठ्याची पकड नको. घ्यायला सायंकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. मामांना नेणं जमत नसेल तर कागदावर उभं करून पेन्सिल सरळ धरून दोन्ही पायांची आखणी करा आणि तो कागद चपलेवर ठेवून बघा. बोट बाहेर डोकावायला नको, आणि लांब बोटापुढं साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. नवी चप्पल पहिल्या दिवशी एखादा तास, मग पाय बघायचा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर ती चप्पल तिथं चावतेय.

रोज रात्री त्यांचे तळवे कुणीतरी बघायचेच. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरायचा. बोटांच्या बेचक्याही. आंघोळीचं पाणी पायानं अजमवायचं नाही, कोपरानं अजमवायचं. घरातही अनवाणी नको. देवळाचा प्रश्न येतो, सौंदत्तीच्या डोंगरावर किंवा पंढरीला चप्पल घालून कोण जातं? तिथं जाड सुती पांढरे मोजे घालू द्या. पांढरे अशासाठी की रक्त-पू लागला तर लगेच दिसतो. दुपारच्या उन्हात तापलेल्या काळ्या दगडावर मात्र मोजेही पुरत नाहीत. भाजतं, आणि त्यांना कळत नाही. सकाळी लवकर दर्शन घ्यावं. बिडी असेल तर ती सोडणं हेही पायाचंच औषध. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या तंबाखूनं आणखी आवळतात.

आता तुमच्या चिखल्या.

ट्यूब दोन दिवसांत ‘काम करते’ आणि चिखली आठवड्यात परत येते, एवढ्यावरून ती ट्यूब कुठल्या जातीची असेल याचा आम्हाला दाट संशय आहे. घरी गेल्यावर तिच्या मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन असं काही लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड. सोबत एक बुरशीचं औषध आणि एक अँटिबायोटिक घालून केलेली असली मिश्रणं काउंटरवर सर्रास मिळतात. स्टिरॉइडनं खाज-लाली बसते, पण ती शरीराचा प्रतिकार दाबून बसते. बुरशी आत मजेत पसरते, कातडी पातळ होत जाते, आणि पुढं हाच नायटा जांघेत किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या अंगावर निघतो. ती ट्यूब बंद करा. बंद केल्यावर चार-पाच दिवस खाज वाढल्यासारखी वाटेल. तेवढं सोसायचं, परत त्याच ट्यूबकडं वळायचं नाही.

मलम लावण्याआधी तुम्हाला नक्की काय झालंय ते ओळखा. दिवसभर चिखलात राहून संध्याकाळी सगळा तळवा पांढरा, सुरकुतलेला, चालताना ठणकणारा होतो, ती बुरशी नव्हे. कातडी पाणी पिऊन फुगलेली असते. रात्रभर कोरडी, उघडी ठेवली की पुष्कळसं ओसरतं. बेचकीत, खास करून करंगळी आणि शेजारच्या बोटात, पांढरं लोंबतं कातडं, खाज, चीर, ही बुरशीची चिखली. ती तिथंच का? कारण ती बेचकी सगळ्यांत चिंचोळी, दोन्ही बोटं एकमेकांना चिकटलेली, वारा लागतच नाही. आणि पाणी सुटणं, घाण वास, हिरवट झाक दिसली तर बुरशीच्या जोडीला जंतूही शिरलेत. तेव्हा नुसत्या बुरशीच्या मलमानं भागत नाही.

पाणी सुटत असेल तर पहिले तीन-चार दिवस मलम नको. पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात पाय बुडवायचे, दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. 400 मिलिग्रॅमची गोळी मिळाली तर एक गोळी चार लिटर पाण्याला. सुट्या खड्यांचं माप घरी जमत नाही, म्हणून दोन-तीन कण आधी काचेच्या पेल्यात पूर्ण विरघळवा, फडक्यातून गाळा आणि ते पाणी बादलीत थोडं थोडं ओतत जा. काचेच्या पेल्यात घेऊन बघितलं तर रंग फिकट गुलाबी दिसला पाहिजे. जांभळा झाला म्हणजे कडक झालं, आणखी पाणी घाला. न विरघळलेला कण बोटांत अडकला तर कातडी भाजतो, म्हणून गाळणं चुकवू नका. पाणी दर वेळी ताजं करा. तपकिरी झालं की ओतून द्या. नखं पिवळट-तपकिरी होतात, आधी नखांना व्हॅसलीन चोपडलं तर कमी. खडे पोरांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेले तर विषारी. मामांचे पाय मात्र या पाण्यात बुडवू नका.

बेचकी कोरडी पडली की क्लोट्रिमॅझोल 1 टक्का, साधं, दुसरं काही न मिसळलेलं. सकाळ-रात्र, चार आठवडे. पहिल्या आठवड्यातच खाज थांबेल आणि तुम्ही ट्यूब बाजूला टाकाल. नेमकी इथंच सगळ्यांची गाडी अडते. दिसायला बरं झालं तरी पुढं दोन आठवडे लावायचं. हिशेब करून बघा. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, तेवढ्यात दोन्ही पायांच्या बेचक्या होतात. दिवसातून दोनदा म्हणजे एक ग्रॅम, चार आठवड्यांना अठ्ठावीस. म्हणजे 15 ग्रॅमच्या दोन ट्यूब. एका ट्यूबवर चिखली जात नाही, अशी तक्रार आली की आमचं पहिलं उत्तर हेच असतं. मलम डागाच्या कडेपलीकडं दोन सेंटिमीटरपर्यंत चोळायचं आणि बेचकीत ढीग ठेवायचा नाही. साचलेलं मलमही ओलच. दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर मेडिकलमधून तिसरी-चौथी ट्यूब न आणता त्वचारोग डॉक्टरांकडं जा. अलीकडं नेहमीच्या औषधांना दाद न देणारी बुरशी आपल्या देशात पसरलीय, ती तपासूनच औषध द्यावं लागतं.

पण लावणी तर चालूच राहणार. गमबूट चिखलात रुततात आणि वरून पाणी आत शिरलं की दिवसभर बुटातच डबकं. म्हणून आम्ही लावणीला गमबूट सुचवत नाही, खत टाकायला किंवा बांधावर ठीक. त्यापेक्षा असं करा. सकाळी शिवारात जाण्याआधी पाय अगदी कोरडे करून बोटं, बेचक्या आणि तळव्याच्या कडांना व्हॅसलीन किंवा मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, चांगलं जाड चोळा. पाणी कातडीत मुरायला वेळ लागतो. हे कोरड्या पायावरच. ओल्या बेचकीवर चोपडलं तर ओल आत कोंडते आणि बुरशीला आयतंच घर मिळतं. दुपारी भाकरीला बसाल तेव्हा पाय धुऊन, पुसून तासभर तरी पाण्याबाहेर, उघडे.

घरी आल्यावर स्वच्छ पाण्यानं आणि साध्या साबणानं पाय धुवा म्हणजे सकाळचं तेलही निघेल. मग जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घ्या आणि आठही बेचक्या एकेक करून टिपा. बोटं दोन्ही हातांनी फाकवा, कापडाचं टोक आत घाला, तीन-चार सेकंद दाबून धरा, काढा. मागं-पुढं खसाखसा ओढू नका, भिजलेलं कातडं त्यानं सोलतं आणि सोललेल्या जागेतूनच पुढचं दुखणं आत जातं. चुलीजवळ पण अंतर राखून, नाहीतर पंख्याखाली पंधरा मिनिटं बसा, मग मलम. रात्री करंगळीच्या बेचकीत गॉजची अरुंद पट्टी सैल ठेवली तर बोटं चिकटत नाहीत. कापसाचा बोळा नको, तो ओल धरून ठेवतो. हे पायाचं फडकं वेगळं ठेवा आणि अंग पुसायचं झाल्यावर सगळ्यांत शेवटी पाय. रबरी चपलांचे दोन जोड आलटून-पालटून वापरा. जुलैत ऊन कुठलं, पण एक दिवस चपला वाळायला मिळाल्या तरी खूप.

चिखली किरकोळ समजून सोडून दिली की एखाद्या संध्याकाळी पोटरीपर्यंत पाय लाल, गरम, तकतकीत सुजतो आणि थंडी वाजून ताप येतो. बेचकीतल्या चिरेतून जंतू आत गेलेले असतात. त्यावर मलम चालत नाही, त्याच दिवशी डॉक्टर आणि अँटिबायोटिक.

टाचांकडं वळूया. इथं सगळं उलटं. बेचकीला ओल सोसत नाही आणि टाचेला कोरडेपणा. लोक मात्र एकाच हातानं तेच मलम दोन्हीकडं फासतात, किंवा टाचांना लावायच्या जाड मलमाचं उरलेलं बेचकीत पुसतात. म्हणून ‘सगळ्यांना चालेल असं’ मलम आम्ही देत नाही.

उभं राहिलं की टाचेखालची चरबीची गादी बाजूला पसरते. मागून उघड्या चपलेत तिला आवरायला काही नसतं. वरचं कातडं जाड आणि कोरडं, ते ताणलं जात नाही, म्हणून फाटतं. शहाबादी फरशीवर अनवाणी वावर, धुण्याचा सोडा, चिखल वाळून तडकणं, हे सगळं त्यात भर घालतं.

आठवड्यातून दोनदा रात्री कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं टाचा भिजवा, चटका बसेल इतकं गरम नको. मग वजरीनं एकाच दिशेनं हलक्या हातानं, एका टाचेला दोन-तीन मिनिटं. गुलाबी झाली की थांबा. रोज खरवडलं तर कातडी आणखी जाड होते. टिपून तीन मिनिटांच्या आत मलम लावा, म्हणजे शोषलेलं पाणी आतच अडकतं. मलम म्हणजे युरियाचं, जाड टाचेला 20 ते 25 टक्के, बाकी कोरड्या तळव्याला 10 टक्के. ताई, हा मेडिकलमधला शुद्ध युरिया. खताच्या पोत्यातला पाण्यात कालवून लावल्याची उदाहरणं आहेत, म्हणून सांगून ठेवतो. युरियाचं मलम नसेल तर व्हॅसलीन किंवा मुठेल. मुठेलाचा गोळा घट्ट असतो, थोडं वितळवून कोमट झाल्यावर लावावं. कणकुंबी-जांबोटीकडं ते घरोघरी करतात, आणि भेगांवर ते खरोखर चांगलं आहे. कातडं भरून काढत नाही, पण ओल टिकवतं, आणि टाचेला तेच हवं असतं.

वर मोजा घालायचा, पण जुन्या सुती मोज्याचा बोटांकडचा भाग कात्रीनं कापून टाका. टाच झाकलेली, बोटं वाऱ्यावर. अख्खा मोजा घातला तर टाच बरी होईल आणि चिखल्या वाढतील.

भेग खोल असेल, रक्त येत असेल, तर तिथं युरिया किंवा सॅलिसिलिकचं मलम नको, झोंबतं. धुऊन व्हॅसलीन भरा, भोवतालचं कातडं पुसून कोरडं करा आणि भेगेला आडवी कागदी चिकटपट्टी लावून दोन्ही कडा जवळ ओढून धरा. रोज बदला. तापवलेलं मेण किंवा फेविक्विक भरू नका. महिनाभर नेमानं करूनही भेगा तशाच राहिल्या तर शुगर आणि थायरॉइड तपासून घ्या. एकाच पायाला पिठासारखा कोंडा आणि नखं जाड पिवळी असतील तर ती कोरडी बुरशी, हातांचे तळवेही फाटत असतील तर सोरायसिस असू शकतो. दोन्हींचं औषध वेगळं.

घरात दुसऱ्या कुणाला, शुगर नसलेल्या माणसाला, कुरूप झालं तर कॉर्न कॅप, म्हणजे तीच कुरुपाची पट्टी, चालते. कॅपमधली औषधाची टिकली बरोबर कुरुपावर, दोन दिवसांनी काढायची, भिजवून मऊ झालेलं कातडं वजरीनं काढायचं, मग नवी. आधी ते कुरूपच आहे का बघा. सरळ दाबल्यावर जास्त दुखतं ते कुरूप. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखतं आणि आत काळे बारीक ठिपके दिसतात ती चामखीळ. बाभळीच्या काट्याचं टोक आत राहिलं तरी वर असंच कातडं धरतं. आणि शुगर नसताना कुणाचा तळवा बधिर पडला किंवा न दुखणारी जखम झाली, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. लाजायचं कारण नाही, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

सासूबाईंचं सकाळचं दुखणं म्हणजे टाचेपासून बोटांकडं जाणाऱ्या तळव्याच्या पट्ट्याची सूज. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं तरी घाबरू नका, पुष्कळांना ते असतं आणि दुखत नाही. त्यांनी अंथरुणातून उठण्याआधीच, बसल्या जागी पाय सरळ करून, तळव्याला टॉवेल अडकवून पंजा आपल्याकडं ओढावा. तीस सेकंद, तीनदा. पहिलं पाऊल थेट मऊ चपलेत टाकावं. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, तीही दिवसातून दोन-तीनदा. वेळ लागतो, महिने लागतात, पण बहुतेकांचं सुयांशिवाय बरं होतं.

नखं सगळ्यांचीच सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. कोरलेला कोपरा मांसात रुततो आणि नखुरडं होतं. मामांची नखं आंघोळीनंतर, कात्री न वापरता कानशीनं घासून कमी केलेली बरी.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाही. भाताच्या खाचरात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं आणि चिखल्या-भेगांमधून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू शिरतात. लावणीनंतर, साधारण पाच दिवस ते दोन आठवड्यांत, जोराचा ताप, पोटऱ्या दाबल्या तरी दुखणं, डोळे लाल, असं झालं तर नुसत्या पॅरासिटामॉलवर थांबू नका. डॉक्टरांना ‘चिखलात काम केलंय’ हे आपणहून सांगा, ते कळलं तर तपासणी आणि औषध लवकर सुरू होतं. कावीळ दिसली किंवा लघवी कमी झाली तर थेट मोठं रुग्णालय.

आणि चिखलात काच, काटा, खिळा लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पाच मिनिटं धुवा आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा. मळकी जखम आणि मध्ये पाच वर्षांहून जास्त काळ गेला असेल तर परत घ्यायचं. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतं. मामांना असं काही लागलं तर जखम केवढी आहे हे न बघता त्याच दिवशी दाखवा.